आकबुलाकच्या मंडळीस सलाम

त्या वर्षी मी घेवडा काढलाच नाही. आमच्या तलासच्या खोऱ्यात सप्टेंबर लागला की सगळं गाव शेतात वाकलेलं असतं. अंगणाअंगणांतून काठीनं शेंगा झोडपल्याचा आवाज येतो, कुत्रीसुद्धा धुरळ्यानं शिंकतात. माझ्या तुकड्यातल्या शेंगा मात्र झाडावरच वाळल्या, तडकल्या, दाणे मातीत गळाले आणि वर पहिला बर्फ पडला. शेजारची बुर्माकान कुंपणावरून ओरडायची, "एजे, अगं माझ्या मेंढ्या तरी सोडू का तुझ्या शेतात? कुणाचं तरी पोट भरू दे!" मी तिच्याहून सहा वर्षांनी थोरली, म्हणून एजे. मी आतून "सोड" म्हणायचे. तिला ऐकू जात नसे. ती पुन्हा ओरडायची. शेवटी तिनं न विचारताच सोडल्या.

याकोव, माझा नवरा, एप्रिलमध्ये गेला. सकाळी गाईला पाणी दाखवून आला आणि उंबऱ्यावर बसून बूट काढायला लागला. एक बूट काढला, दुसरा राहिला. छत्तीस वर्षांचा संसार. मूलबाळ नाही. तो जर्मन, मी किर्गिझ. मी ओढ्यात उतरून बाप्तिस्मा घेतला आणि त्याच्याशी लग्न केलं, तेव्हा माझ्या भावानं निरोप पाठवला होता की कालिपा मेली असं आम्ही धरून चालतो. याकोवच्या लोकांनीही काही आनंदानं उड्या मारल्या नाहीत. पण त्यांचं एक होतं. पाण्यातून वर आले त्या दिवसापासून मी 'बहीण कालिपा' झाले, आणि माझ्या डोळ्यांच्या ठेवणीवरून पुन्हा कुणी काही बोललं नाही. निदान माझ्या तोंडावर नाही.

आमच्या गावी, आकबुलाकात, तेव्हा प्रभूच्या मंडळीत ऐंशी माणसं होती. प्रार्थनागृह आम्हीच बांधलेलं, कच्च्या विटांचं, आतून चुना दिलेलं. डाव्या हाताला बायका, उजव्या हाताला पुरुष, मधून वाट. नव्वद साली पहिलं घर जर्मनीला गेलं. मग रांगच लागली. दर महिन्याला कुणाची तरी गाय विकली जायची, कुणाच्या तरी अंगणात पेट्या बांधल्या जायच्या आणि रविवारी आम्ही त्यांच्यासाठी निरोपाचं गीत म्हणायचो. त्या गीताला चार आवाज लागतात. पुढं पुढं ते म्हणायलाही माणसं पुरेनात, तेव्हा आम्ही नुसतेच हात हातात घ्यायचो.

शेवटची तीन वर्षं आम्ही दोघंच. तरी रविवारी दहा वाजता याकोव कोट घालून पुढं जाऊन दार उघडायचा आणि मी मागाहून जायचे. तो उजवीकडे बसायचा, मी डावीकडे. घरी मी त्याची कालिपा, तिथं 'बहीण कालिपा, एखादं गीत सुचवा'. उपदेश तो मला एकटीला करायचा, पण बघायचा मात्र सगळ्या बाकांवरून, जणू मागची रांग पेंगतेय की काय. एकदा मी खरंच पेंगले. घरी येऊन म्हणाला, "आज अर्धी मंडळी झोपली होती." आम्ही दोघं पोट धरून हसलो.

दोघं किंवा तिघं जमतील तिथं मी असेन, असं प्रभूनं सांगितलंय. याकोवला ते फार आवडायचं. म्हणायचा, "आपण बरोबर दोन आहोत, कालिपा. कमीत कमी जेवढे लागतात तेवढे."

तो गेल्यावर मी एकदाच गेले तिथं, एकटी. डावीकडे बसले. समोर कुणी नव्हतं. गीत सुरू केलं आणि माझाच आवाज भिंतीवर आपटून परत आला तेव्हा दचकले. कुलूप लावून घरी आले. मग पुन्हा नाही.

त्या उन्हाळ्यात माझं काय झालं ते नीट सांगता येणार नाही. दुःख मला ठाऊक होतं. दुःखात माणूस रडतो, चूल पेटवतो, पुन्हा रडतो. हे तसं नव्हतं. सकाळी डोळे उघडले की आधी वाईट वाटायचं, की उघडले. भिंतीकडे तोंड करून पडायचे. भिंतीवर दाबलेल्या लोकरीचा नमदा आहे, त्यावर मेंढ्याच्या शिंगांची नक्षी. ती नक्षी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत डोळ्यांनी चालत जायचे, आणि तेवढ्यात दुपार होऊन जायची. केस विंचरले नाहीत. गाय बुर्माकानच्या हवाली केली. ती सांजसकाळ दुधाचा कटोरा आणून ठेवायची आणि जुना उचलून न्यायची. बहुतेक वेळा तो तसाच असायचा, वर साय धरलेली. "मांजरसुद्धा तुझ्यापेक्षा बरी," म्हणायची, "निदान वाडगं चाटते तरी."

प्रार्थना तर होईचना. तोंड उघडायचं आणि आत काहीच नसायचं. विश्वासणाऱ्या माणसाला असं होत नाही, असं मला वाटायचं, म्हणून कुणाला कळवलंही नाही. याकोवच्या भावाची जर्मनीहून पत्रं येत होती. ती मी न फोडता उशाखाली सारली. याकोव गेला हेसुद्धा त्यांना कळवलं नव्हतं. तो माझ्यासाठी मागं राहिला होता ना. सगळे म्हणायचे, चल, आणि तो म्हणायचा, कालिपा तिथं मुकी होईल. माझ्यासाठी राहिला आणि एका बुटावर मेला. हे कोणत्या तोंडानं लिहू?

तालुक्याची नर्स आली, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, गोळ्या दिल्या. जाताना दारात बुर्माकानला म्हणाली, "हिला माणसं पाहिजेत." बुर्माकान म्हणाली, "मी काय लाकूड आहे?" पण नर्सचं खरं होतं आणि बुर्माकानचंही.

मला वाटायचं, सगळे गेले त्यांच्याबरोबर देवही गेला असावा जर्मनीला. त्याचेही कागद झाले असतील. तिथं ऐंशी माणसं, चार आवाजांत गाणारी. इथं काय ठेवलंय?

नोव्हेंबरात एका सकाळी फाटकाशी ट्रक थांबला. घेवडा न्यायला सीमेपलीकडून व्यापारी येतात, तसाच कुणी असेल. मग बुर्माकान आत आली. तिच्या मागं पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, जाडजूड माणूस.

"एजे, तुझा भाऊ आलाय म्हणे. तोंडावरून तर माझा भाऊ वाटतो, पण हा म्हणतो तुझा."

"मी कोरियन आहे," माणूस म्हणाला. "मात्वेई खेगाय. तराझच्या मंडळीतला. बहीण कालिपा फ्रीझेन आपणच ना?"

"ती मेली," मी भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हटलं.

"बरं. मग तिच्या बिछान्यात कोण निजलंय?"

बुर्माकान खुदकन हसली. मला राग आला. कितीतरी दिवसांनी काहीतरी आलं, आणि तेही राग. मी वळून बघितलं. तो टोपी हातात घेऊन उभा होता. चुलीतली थंड राख, कटोऱ्यातली साय, माझे केस, सगळं त्यानं बघितलं.

"मी सलाम घेऊन आलोय," तो म्हणाला. "सारीतोब्याच्या मंडळीचा, आकबुलाकच्या मंडळीस."

"ठेव तिकडं टेबलावर."

"सलाम म्हणजे काय लोणी आहे, टेबलावर ठेवायला?"

आमच्या लोकांत ही चेष्टेची गोष्ट नाही. जुन्या काळी आमची पत्रं सरकारी माणसं वाटेत फोडायची, म्हणून मंडळ्यांचे सलाम माणसांच्या हातून जायचे. कुणी लग्नाला निघालं, कुणी मेंढ्या विकायला निघालं, की त्याच्याजवळ सलाम द्यायचा. तो पुढच्या मंडळीत पोचवणार, तिथून दुसरा कुणी पुढं नेणार. आणलेला सलाम उपासनेत, सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचा. ऐकून सगळी मंडळी उठते, एका आवाजात 'प्रेमानं स्वीकारतो' म्हणते आणि उलटा सलाम देते. सलाम खिशातच ठेवणाऱ्याला 'गिळला' म्हणतात, आणि तो डाग जन्मभर राहतो. ज्या मंडळीला सलाम पाठवला ती उरलीच नसेल, तर तो आला त्याच हातांनी मागं जातो, आणि वाटेवरच्या प्रत्येक मंडळीत उभं राहून सांगावं लागतं, अमुक ठिकाणची मंडळी आता नाही. त्या दिवसापासून त्या गावाचं नाव प्रार्थनेतून गळतं.

"मग परत ने," मी म्हटलं. "आकबुलाकची मंडळी आता नाही."

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"तू कोण?"

"म्हणजे काय? मी शेवटची."

"शेवटची म्हणजे आहेस की," खेगाय म्हणाला. "मंडळी नाही हे सांगायलासुद्धा मंडळीतलंच कुणीतरी लागतंय बघ."

"वकील आहेस की घेवडेवाला?"

"घेवडेवाला. त्यामुळं घासाघीस येते."

तो पुन्हा ट्रककडं गेला आणि एक डबा घेऊन आला. आत तिखट गाजराची कोशिंबीर होती, त्यांच्यात करतात तशी, लसूण घातलेली, आणि वर अर्धी भाकरी. बुर्माकाननं तोवर चूल पेटवली होती. मी नको म्हटलं.

"बहीण कालिपा," तो म्हणाला, "एक संदेष्टा झाडाखाली मरण मागत निजला होता, ते वाचलंयस ना?"

"वाचलंय."

"देवदूतानं येऊन त्याला आधी काय दिलं? उपदेश?"

मी डब्यावरच्या भाकरीकडे बघितलं.

"भाकर दिली. वर म्हणाला, वाट लांबची आहे, तुला झेपायची नाही. तो मोठा संदेष्टा, तरी निजलाच. मग आपल्याला कसली लाज? माझी बायको गेली तेव्हा मी चार महिने ट्रकमध्येच झोपायचो. घरात पाऊल टाकवत नव्हतं. मंडळीत सगळ्यांना सांगायचो, काम फार आहे."

हे त्यानं गाजराकडे बघत सांगितलं, माझ्याकडे नाही. मी भाकरीचा तुकडा घेतला. तोंडात बराच वेळ फिरला, पण गेला.

"आता सांग," तो म्हणाला. "सलाम परत न्यायचा तर माझ्या तोंडच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणतील, खेगाय आळशी आहे, आकबुलाकपर्यंत गेलाच नसेल. तू तुझ्या हातानं लिहून दे. सलामाच्या कागदावरच खाली लिही. जागा आहे."

त्यानं कोटाच्या आतून एक कागद काढला, घडीघडीवर फाटत आलेला, आणि पेन्सिल पुढं केली. वरचा मजकूर त्यानं हातानं झाकून धरला. तो मंडळीतच वाचायचा होता, त्याबाबतीत माणूस पक्का होता. खाली ज्या ज्या हातांतून कागद आला त्यांची नावं होती, वेगवेगळ्या अक्षरांत, शेवटी त्याचं.

मी उठून बसले. लिहायचं होतं: आकबुलाकची मंडळी नाही. एवढंच. अक्षरं मला याकोवनं शिकवली, चाळिसाव्या वर्षी. लढाईच्या काळात मी मेंढ्यांमागं होते, शाळा बघितली नव्हती. चुलीपुढं राख पसरून तो काडीनं अक्षर काढायचा आणि मी त्यावरून बोट फिरवायचे. अजूनही माझी अक्षरं मोठी आणि एकमेकांपासून लांब पडतात. मी लिहिलं, 'आकबुलाकची मंडळी'. आणि हात थांबला.

पुढचा शब्द छोटासा होता. पण याकोवला गावकऱ्यांनी पुरलं होतं, मी नुसती बघत उभी होते. हे मला माझ्या हातानं पुरायचं होतं, त्यानं शिकवलेल्या अक्षरांनी. तीन वर्षं तो कोट घालून रिकाम्या बाकांपुढं उभा राहिला, ते सगळं एका शब्दानं. मी पेन्सिल खाली ठेवली.

"चावी खिळ्याला आहे," मी म्हटलं.

प्रार्थनागृह चार घरं सोडून. मला तिथवर जायला वेळ लागला. बुर्माकाननं एका हातानं मला धरलं होतं, दुसऱ्या हातानं ओच्यात गोवऱ्या. कुलूप थंडीनं धरलं होतं. खेगायनं त्यावर तोंडानं वाफ सोडली, शिव्या द्यायच्या जागी प्रभूचं नाव घेतलं, मग उघडलं. आत उंदरांच्या लेंड्या, चुन्याचे पोपडे, गारठा. बुर्माकाननं भट्टी पेटवली. धूर आधी खोलीतच पसरला.

मी डावीकडे बसले, माझ्या जागेवर. बुर्माकान भट्टी पेटवून झाल्यावर सरळ उजवीकडच्या बाकावर जाऊन टेकली.

"ती पुरुषांची बाजू," मी म्हटलं.

"मग? कोण येणारय हाकलायला? मी मुसलमान बाई, मला कुठलीच बाजू नाही. इथं भट्टी जवळ आहे."

खेगाय बाहेर गेला. दार लोटून घेतलं. मग ठोठावलं, आत आला, टोपी काढली आणि वाटेच्या मधोमध उभा राहिला. मगाचचा थट्टेखोर माणूस कुठं गेला कळेना.

"प्रभूची शांती असो. तराझच्या मंडळीनं मला पाठवलंय. माझ्याजवळ सलाम आहे."

आणि त्यानं वाचलं. मला ते आता पाठ आहे.

"आकबुलाक इथल्या प्रभूच्या मंडळीस सारीतोबे इथल्या मंडळीचा सलाम. सत्तेचाळीस सालच्या हिवाळ्यात तुम्ही आम्हाला वाळलेली सफरचंदं आणि सोळा जोड नमद्याचे बूट पाठवले. आम्ही त्यांवर जगलो. तेव्हाचं तुमच्यात कुणी आता नसेल. आमच्यातली आग्नेता आहे, पण तिला दिसत नाही. आम्ही चौघी उरलोय. दर बुधवारी आम्ही जमतो आणि तुमच्यासाठी प्रार्थना करतो. तुमची नावं आम्हाला माहीत नाहीत, म्हणून गावाचं नाव घेतो. आता गुडघे टेकवत नाहीत, बसूनच करतो. ज्याला ऐकायचं तो ऐकतो. तुम्ही आहात ना? आग्नेता, पेलागेया, लीडिया, एर्ना."

सारीतोबे मी कधी बघितलं नाही. उत्तरेला कुठं तरी, जिथं झाड नाही असं म्हणतात. सत्तेचाळीस साली मी बारा वर्षांची होते, मेंढ्यांमागं, प्रभूचं नावही ऐकलं नव्हतं. बूट पाठवणारे सगळे डोंगराखालच्या कबरस्तानात किंवा जर्मनीत. आणि चार म्हाताऱ्या दर बुधवारी आकबुलाक म्हणत होत्या. त्यांना वाटत होतं इथं मंडळी आहे. इथं मी होते, भिंतीकडे तोंड करून.

त्या उन्हाळ्यातला एखादा तरी बुधवार आठवतो का, ते बघितलं. एकही आठवेना. सगळे दिवस एकाच मातीचे होते. पण त्यांत बुधवार होते तर. मला ठाऊक नसताना होते.

माझ्या आत उजेड पडला, ओझं उतरलं, असं काही झालं नाही. खोटं कशाला लिहू? छातीवरचा दगड जिथं होता तिथंच होता. फक्त आता तो दगड घेऊन मी कुणाच्या तरी प्रार्थनेत बसले होते. याआधी मला वाटायचं, मी कुठंच बसलेली नाही.

खेगाय उभा होता. वाट बघत होता. आता मंडळीनं उठायचं असतं.

पुढच्या बाकाला धरून मी उठले. पलीकडून बाक कुरकुरला. बुर्माकानही उभी राहिली होती.

"माझे गुडघे आखडले म्हणून उठले," ती म्हणाली. "उगाच काही समजू नका."

"प्रेमानं स्वीकारतो," मी म्हटलं. घशातून जुन्या दाराचा आवाज आला. खेगायनं मान हलवली नाही. त्याला मंडळीचं उत्तर ऐकू यायला हवं होतं. मी पुन्हा म्हटलं, जोरात. या खेपेला आवाज भिंतीपर्यंत गेला आणि तिथं दोन माणसं उभी होती.

"उलटा सलाम?" त्यानं विचारलं.

हे काम वडिलांचं, म्हणजे मंडळीच्या प्रमुखाचं असतं. याकोव उठायचा, खाकरायचा, 'आमची मंडळी कुशल आहे' म्हणायचा. मी उजव्या बाजूकडे बघितलं. तिथं बुर्माकान ओच्याला लागलेली शेणकाडी झटकत होती.

"सांग," मी म्हटलं. "मंडळीचे वडील, भाऊ याकोव फ्रीझेन, एप्रिलच्या अकरा तारखेला प्रभूमध्ये झोपी गेले."

हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. गावानं बघितलं होतं, सांगावं लागलं नव्हतं. तोंडातून शब्द बाहेर पडले तसा याकोव खरंच गेला. इतके महिने तो उंबऱ्यावर अर्धवट बसून होता. मी खाली बसले आणि रडले, आवाज काढून, बाईमाणसानं रडावं तशी. बुर्माकान वाट ओलांडून डावीकडे आली आणि तिनं तिच्या दुधाच्या, धुराच्या वासाच्या अंगाशी मला घट्ट धरलं. "आत्ता कुठं," एवढंच म्हणाली. खेगाय तसाच उभा, मान खाली, दोन्ही हातांत टोपी.

किती वेळ गेला कोण जाणे. गोवऱ्या पुन्हा घालाव्या लागल्या.

मग तो हळूच म्हणाला, "पुढं काय सांगू?"

"सांग, आकबुलाकची मंडळी आहे. एकच आहे. आजारी आहे. प्रार्थना करता येत नाही." मी थांबले. "हेही सांग. प्रार्थना करता येत नाही, हे नक्की सांग."

"सांगतो. पण लिहून तूच दे. मी आळशी."

कागदावर माझे मोठ्या अक्षरांचे दोन शब्द पडलेलेच होते. त्यांच्यापुढं मी लिहिलं, 'आहे'. मग बाकीचं. खेगायनं कागद घडी करून ठेवला आणि सारीतोब्याचा मजकूर मला दुसऱ्या चिठ्ठीवर उतरवून घ्यायला लावला, चार नावांसकट. सगळ्यांत शेवटी आम्ही गुडघे टेकले. तो छान बोलला, साधं, फार लांब नाही. माझी पाळी आली तेव्हा मी "प्रभू" म्हटलं. पुढं काही आलंच नाही. थोडी वाट बघून तो म्हणाला, "आमेन. तेवढं पुरतं." बुर्माकाननं तिच्या पद्धतीनं दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले.

ट्रकमध्ये चढताना मी त्याला विचारलं, "हा कागद निघाला कधी?"

तो जरा घुटमळला. "वर तारीख आहे. गेल्या वर्षीच्या मेमधली. वाटेत एका ठिकाणी नदीला पूर होता, एका ठिकाणी भाऊ आजारी. दीड वर्ष धर."

"आग्नेताचं वय काय असेल?"

"बहीण कालिपा," तो म्हणाला, "मला फक्त घेवडा कळतो." मग काच खाली करून म्हणाला, "वसंतात परत येईन. तेव्हा केस विंचरून ठेव."

"तू आधी पोट आवर," बुर्माकान माझ्या वतीनं ओरडली.

तो हिवाळा वाईटच गेला. जानेवारीत पुन्हा आठ-आठ दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडले. नर्सनं शहरातल्या एका डॉक्टरचं नाव दिलं. वसंतात खेगाय मला ट्रकमधून तिथं घेऊन गेला. त्या गोळ्यांनी झोप सुधारली, भूक थोडी आली. याकोवच्या भावाला मी पत्र लिहिलं, सात ओळींचं, दोन दिवस लागले. त्यानं फोन केला. एकटेपण आहे. ते कुठं जाणार? दुपारी तीनच्या सुमाराला, चहाच्या वेळी, ते रोज येतं आणि समोरच्या पेल्याशी बसतं.

पण बुधवारी मी प्रार्थनागृह उघडते. जमेल तेव्हा. जमत नाही तेव्हा बिछान्यातूनच. चिठ्ठी आता बघावी लागत नाही. आधी सारीतोबे म्हणते, मग एकेक नाव, सावकाश, मध्ये श्वास घेत. आग्नेता. पेलागेया. लीडिया. एर्ना. माझा सलाम पोचला की नाही अजून कळलेलं नाही, वाट दीड वर्षाची आहे. त्या चौघींतल्या किती उरल्या असतील तेही माहीत नाही. कदाचित एकच असेल, कुठल्या तरी बिनझाडाच्या गावात, भिंतीकडे तोंड करून. कदाचित एकही नसेल.

मी चारही नावं घेते.